लाल बाई

इंद्रभान: नाही मास्तर, खोकं आत आनू नका. उंबऱ्याच्या भाईरच ठेवा.

भालचंद्र: इंद्रभान, आत काय आहे ते एकदा बघा तरी.

इंद्रभान: काय असन? मांगच्या वरसी गाडी घेऊन आल्ते तुमी, फिरता अजबखाना म्हनून. दगडाचं मुंडकं दाखवलं, भुसा भरलेलं पाखरू दाखवलं, पोट्ट्याइले माती देली खेळाले. पोट्टे खूश, आमीबी खूश. आता आमच्या घरात अजबखान्याचं काहीच नोको.

भालचंद्र: गोजरबाईंचा निरोप आला म्हणून आलो. कापसाच्या जिनाचे मुनीम शहरात आले होते, ते बोलले. तुमच्या कौतिकाचंही त्यांनीच सांगितलं. मला तोवर काही ठाऊक नव्हतं हो.

गोजर: येऊ द्या त्याइले. म्याच सांगतलं व्हतं मुनिमाले. या मास्तर, त्या घोंगडीवर बसा. पुनव गाठून आले, लय बरं झालं. मी सकाळपासून वाटेकडे पाहून राह्यली.

इंद्रभान: तू निरोप धाडला? मले इचारलं नाही.

गोजर: तुमाले इचारलं असतं तं तुमी नाहीच म्हनले असते. माय मी हाये तिची.

इंद्रभान: मी कोन हाये मंग? बॉयलरात लाकडं झोकनारा, एवढंच ना.

गोजर: तसं नाही जी. बसा तुमीबी. मास्तर, आमची भुलाबाई आनली का?

भालचंद्र: आणली आहे.

गोजर: खरं सांगा. मन राखाले बोलू नका.

भालचंद्र: खोक्यात आहे. तुमच्याच जिनातली रुई पसरून तिच्यात बसवून आणली. आगगाडीत मांडीवरून खाली ठेवली नाही. एक टवकासुद्धा गेलेला नाही.

इंद्रभान: अन साहेबानं देली? तो तुमचा मोठा साहेब?

भालचंद्र: साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, एकदा कपाटात गेलेली वस्तू बाहेर येत नाही. मी मग दुसऱ्यांदा विचारलं नाही.

इंद्रभान: म्हंजे चोरून आनली.

भालचंद्र: कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. सोमवारी काय व्हायचं ते होईल. तशीही फिरती गाडी साहेबांनी बंद केली आहे. वस्तीतल्या मुलांना कला शिकवून सरकारचा काय फायदा, असा कुणीतरी प्रश्न काढला. आता गाडी अजबखान्याच्या मागं उभी आहे, माळी तिच्यात कुंड्या ठेवतो.

गोजर: अरे बाप्पा. पोट्टे अजून इचारतात, गाडी कवा येईन. जिनाच्या फाटकाजोळ जाऊन उभे राह्यतात.

भालचंद्र: काय सांगता त्यांना?

गोजर: दिवाई झाली का येईन म्हनतो. दिवाई झाली का पोळ्याले येईन म्हनीन.

इंद्रभान: आपल्या वस्तीले तेच खावाले भेटते. उद्या.

गोजर: मास्तर, मी तुमाले काऊन बोलावलं ते आंधी सांगतो. तुमी शयरातले, तुमाले भुलाबाईचं तितकं नसन मालूम. भुलाबाई म्हंजे पार्वती. भादव्याच्या पुनवेले ती माहेरी येते, महिनाभर राह्यते. पोरी रोज सांजच्याले तिच्याम्होरं गानं म्हनतात, खाऊ वाटतात. अन आजच्या दिवशी, कोजागिरीले, तिले सासरी धाडाचं. मातीची असते, तळ्यात नेऊन सोडाची. पान्यात बसवली का हळूहळू बोटं जातात, नाक जाते, डोळे जातात. आमच्या वस्तीत अशी रीत हाये का जिनं सोडली तिनं काठावर उभं राहाचं. चेहरा गेला का पाठ फिरवाची. मंग मांगं पाहू नाही. चेहरा गेला म्हंजे पोरगी सुखरूप सासरी पोचली.

भालचंद्र: हे मला ठाऊक नव्हतं. गाणी आहेत, विसर्जन आहे, एवढंच ऐकून होतो.

गोजर: तुमचा काय दोष. तुमाले कोनी सांगतलं नाही. मांगच्या वरसी वस्तीची भुलाबाई आमच्या कौतीनं केली. तुमीच माती भिजवाले शिकवलं व्हतं, कडेवरून गोळा दाबत दाबत गाल कसा आनाचा ते. दरसाल म्हातारी आशाबाई कराची, नाक म्हनून एक चिमटा अन डोळे म्हनून दोन सरक्या. कौतीनं केली ते पाहून आशाबाई म्हने, माय वं, हे तं गोजरच बसली.

भालचंद्र: डोक्यावर सरकीची पाटी दिली होती तिनं. मी म्हटलं, अगं, पार्वतीच्या डोक्यावर पाटी कशी? तर माझ्याकडे असं पाहिलं तिनं, जणू मीच शाळेतलं पोर आहे. म्हणाली, माहेरी आली म्हणून काय झालं, मास्तर, जिनात जावंच लागते ना.

इंद्रभान: बोलाले फटकळ व्हती.

भालचंद्र: आणि ते गाणं. बाकीच्या मुली जुनी गाणी म्हणायच्या, हिनं आपलं जोडलं होतं. भोंगा वाजला, भुलाबाई... पुढं काय ते?

गोजर: भोंगा वाजला, भुलाबाई, पाटी उचला, भुलाबाई. पाटीत काय, सरकी माय, घरी नेता येत नाय.

भालचंद्र: हो. आणि खाऊ ओळखायचा डबा.

गोजर: खाऊ कुठला आला. डब्बीत सरकी टाकून हालवाची अन पोरीइले इचाराची, ओळखा काय हाये. समद्याइले मालूम, सरकी हाये. तरी एक म्हनाची पेढा, एक म्हनाची करंजी, एक म्हनाची बर्फी. कोनीच सरकी म्हनाची नाही. अन शेवटी डब्बी उघडली का कौती म्हनाची, खाल्लं सगळ्याइनं? पोट भरलं? चला घरी.

इंद्रभान: पुरे कर.

गोजर: बोलू द्या जी मले. नऊ महिने झाले, या घरात तिचं नाव निंघत नाही. मास्तर, तुमी कोजागिरीच्या आंधी आले अन म्हनले, ही मूर्ती अजबखान्यात ठेवतो. कौतीचा बा हाव म्हनला.

इंद्रभान: साहेब लोक दारात आले, हात जोडून मांगतात. नाही कसं म्हनाचं? मले वाटलं, पोरीचं नाव निंघन. आपल्या सात पिढ्यात कोनाचं काही काचेत ठेवलं नाही.

गोजर: कौती नाही म्हनत व्हती. तिनं तुमाले एक इचारलं व्हतं. आठोते का?

भालचंद्र: आठवतं. म्हणाली, भुलाबाई तिथंच राहिली तर सासरी कधी जाईल?

गोजर: तुमी काय म्हनले?

भालचंद्र: मी हसलो. म्हटलं, आता तिला सासरी जायची गरजच नाही. ती तिथं कायमची राहील, लांबून लांबून लोक तिला बघायला येतील.

गोजर: ते आयकलं अन पोरगी अशी खुलली का इचारू नका. स्वतःच्या हातानं तुमच्या खोक्यात ठेवली. तिचं लगन झाल्तं ना मास्तर. सोनाळ्याले देल्ती. वैशाखात नांदाले धाडाची व्हती. तिले वाटलं, अशी एक जागा हाये का जेथी गेलं का सासरी जावं लागत नाही.

भालचंद्र: मला कुणी बोललं नाही, तिचं लग्न झालंय म्हणून.

इंद्रभान: बोलाचं काय त्यात? समद्या पोरीइचं होते.

गोजर: मंग ती भुलाबाई गेली, अन वस्तीतल्या बायाइले कसनुसंच झालं. आशाबाई म्हने, माहेरवाशीन अडकून पडली तं घराले बरं नसते. म्या लक्ष देलं नाही. अन पौषात कौतीले ताप भरला. गोळ्या देल्या, अंगारा लावला, गोऱ्या डॉक्टरनीच्या दवाखान्यात नेली. आभाळ फाटलं तं ठिगळ कोठी लावाचं, मास्तर. जाताजाता एकच बोलत व्हती, माय, मले काचेत बसव, मंग मले कोनी नेनार नाही.

भालचंद्र: गोजरबाई...

गोजर: रडत नाही मी. सांगून राह्यली फक्त. अवंदा वस्तीत भुलाबाई बसली नाही. बायाइनं बसू देली नाही. मांगची सासरी गेली नाही, तं नवी माहेरी कशी येईन? पोरी सांजच्याले माझ्या दाराम्होरं येतात अन उभ्या राह्यतात. डब्बी हालवत नाहीत, गात नाहीत. मले झोप लागत नाही. डोळा लागला का कौती दिसते, उंबऱ्यात उभी. आतबी येत नाही, जातबी नाही. म्हनून म्हनलं, मास्तरले सांगा, आमची भुलाबाई आना. आज तिले धाडतो. ती सुटली का माझी पोर सुटन. मले दुसरं काही नोको.

भालचंद्र: त्यासाठीच आणली. लगेच काढतो.

इंद्रभान: थांबा. आंधी माझं आयका. तुमी म्हनता, ती अजबखान्यात व्हती.

भालचंद्र: वर्षभर होती. पुढच्याच दालनात.

इंद्रभान: मंग माझ्या पोरीले काऊन नाही दिसली?

भालचंद्र: म्हणजे?

गोजर: हे तं तुमी मलेबी सांगतलं नाही.

इंद्रभान: तुले सांगतलं व्हतं का शयरात कामाले चाललो. कौतीले संग घेतलं व्हतं. दिवाई झाल्यावर, जीन चालू व्हयाच्या आंधी. पोरीनं डोकं खाल्लं व्हतं, बा, मले माझी भुलाबाई काचेतली दाखव. म्हनलं चाल. आगगाडीत बसलो. अजबखान्याच्या दरोज्यात गेलो, तं शिपाई म्हने, आज बायाइचा वार हाये, मानसं आत जात नाहीत.

भालचंद्र: हो, आठवड्यातला एक दिवस बायकांसाठी राखून ठेवलेला असतो. पडदानशीन बायकांची सोय म्हणून.

इंद्रभान: आमच्या सोयीचा वार कोनता असते, मालूम नाही. मी म्हनलं, परत जाऊ. पोरगी म्हने, मी जातो एकटी. तुमाले भेटाव म्हनलं तं शिपाई म्हने, मास्तरबी आज आत नाही. मंग पोरगी गेली. एका मोठ्या घरच्या बाईच्या पदरामांगून शिरली. मी भाईर पिंपळाखाली बसलो.

गोजर: मंग?

इंद्रभान: लय येळ झाला. मले वाटलं, तिची बाई भेटली असन, गोष्टी करत बसली असन. आली तं तोंड एवढंसं. म्हने, बा, आपली भुलाबाई तेथी नाही. म्हनलं, नीट पाह्यलं का? म्हने, समदी कपाटं पाह्यली. दगडाचं मुंडकं हाये, पाखरू हाये, तलवारी हायेत. आपली नाही. एक लाल बाई हाये तेथी. आपल्या मायसारखी दिसते, पन आपली नाही.

भालचंद्र: लाल बाई.

इंद्रभान: घराजोळ आल्यावर म्हने, मास्तरनं फेकून देली असन, बा. कच्ची व्हती ना, म्हनून. मायले सांगू नको. म्हनून नाही सांगतलं. मास्तर, मी तुमाले तेवापासून खोटारडा समजतो. आज तुमी म्हनता पुढच्याच दालनात व्हती.

भालचंद्र: इंद्रभान, मी... आधी खोकं उघडतो.

गोजर: उघडा. हळू. रुई बाजूले करा. मी ताट आनतो, कुंकू आनतो. अवंदा खाऊचं काही घरात नाही, पन तिळगुळाची एक वडी राखली हाये.

भालचंद्र: ही बघा.

गोजर: ही?

भालचंद्र: हो.

गोजर: नाही मास्तर. चुकलं तुमचं. ही आमची नाही.

भालचंद्र: तुमचीच आहे.

गोजर: आमची तळ्याच्या मातीची व्हती. काळी, ओली. म्या रोज फडकं ओलं करून झाकत व्हती तिले. ही तं घरावरच्या कवेलूवानी लाल हाये. ठक ठक वाजते.

भालचंद्र: मागच्या बाजूला पाहा. पाटीखालची चुंबळ बघा. तिनं लुगड्याच्या चिंधीचा छाप उठवला होता चुंबळीवर. आणि इथं पाठीवर तिची बोटं उमटलीत.

गोजर: पाहू. हे बोट. हे करंगळी. वाकडी हाये. जातं फिरवता फिरवता खुट्याखाली आल्ती तिची करंगळी, तेवापासून वाकडी व्हती. अहो, पाहा ना. तिचीच करंगळी हाये. माझ्या लेकीचं बोट हाये हे.

इंद्रभान: लाल बाई.

गोजर: काय म्हनता?

इंद्रभान: हेच ते. तिनं पाह्यली व्हती. काचेजोळ उभी राहून पाह्यली असन. अन वळखली नाही. वळखली नाही वं तिनं. स्वतःच्या हातची.

गोजर: मास्तर, लाल कशी झाली ही?

भालचंद्र: भाजली.

गोजर: भाजली म्हंजे?

भालचंद्र: भट्टीत ठेवून. शहरात नेल्यावर मानेला चीर गेली होती, माती वाळली की जाते तशी. चार दिवसांत डोकं गळून पडलं असतं. मला ते बघवेना. कुंभाराच्या भट्टीत स्वतः नेली, भोवती राख भरली, तडकू नये म्हणून जीव टांगणीला लावून बसलो. निघाली तेव्हा अशी निघाली. लाल, अखंड. मला इतका आनंद झाला होता, गोजरबाई. म्हटलं, आता या पोरीचं काम शंभर वर्षं टिकेल.

इंद्रभान: कराले गेले गणपती अन झाला मारुती.

गोजर: तिथं काचेवर तिचं नाव लिव्हलं व्हतं का? कौतिका म्हनून?

भालचंद्र: नाही. साहेबांनी चिठ्ठी लिहिली होती, मजूर स्त्री, वस्तीतल्या मुलीचं काम. मी म्हटलं होतं नाव घालू या.

गोजर: भुलाबाई म्हनूनबी नाही लिव्हलं?

भालचंद्र: नाही.

गोजर: नाव असतं तरी काय, तिले थोडंच वाचता येत व्हतं. बरं. लाल तं लाल. पोरीचं बोट हाये ना, मले पुरे. कुंकू लावतो, वडी दाखवतो, अन चला तळ्यावर. पोरीइले हाका मारतो. दिवस कलला हाये.

इंद्रभान: गोजरे.

गोजर: आता काय?

इंद्रभान: तुले समजलं नाही. ती भाजली हाये.

गोजर: हाव, आयकलं म्या.

इंद्रभान: आगीतून निंघालेली माती माती राह्यत नाही. मी जन्म काढला आगीम्होरं. हे कवेलू झालं, खापर झालं. पावसात कवेलू इरघळते का आपल्या घरावरचं?

गोजर: नाही.

इंद्रभान: मंग हे कसं इरघळन?

गोजर: मास्तर, खरं हाये का?

भालचंद्र: खरं आहे.

गोजर: पान्यात ठेवली तरी?

भालचंद्र: हो.

गोजर: तुमाले हे मालूम व्हतं, अन तुमी खोक्यात भरून आनली?

भालचंद्र: मला वाटलं, तुम्हाला तिची आठवण म्हणून हवी आहे. घरात ठेवायला. मुनीम एवढंच म्हणाले, बाई भुलाबाई परत मागते. मी आगगाडीत सगळा वेळ हाच विचार करत होतो की तुम्ही ती कोनाड्यात ठेवाल, रोज बघाल. सोडायची आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

इंद्रभान: पोर मातीत पुरली, अन मातीची बाई आगीत घातली. उलटंच केलं समदं.

भालचंद्र: मी काय करू सांगा. मी दुसरी करून देतो. आत्ता. तळ्याची माती आणतो, अगदी अशीच, चुंबळीसकट. ती सोडा.

गोजर: दुसरी कोनाची पोर असन ती मास्तर? तुमच्या हातची. तुमची भुलाबाई सासरी जाईन, माझी उंबऱ्यातच राहीन.

इंद्रभान: फोडू मंग. फोडू अन पाट्यावर वाटू. भुगा करू अन तळ्यात सोडू. भुग्याले काय चेहरा असते? झालं, गेली.

गोजर: लेकीच्या हातचं तोंड पाट्यावर ठेवू? अन वरवंटा मी फिरवू का तुमी?

इंद्रभान: मी फिरवतो.

गोजर: घ्या मंग. हे घ्या हातात. फिरवा.

भालचंद्र: इंद्रभान, नको.

गोजर: बोलू नका मास्तर. घ्या ना जी. काऊन हात मांगं घेता?

इंद्रभान: तुझ्यासारखी दिसते वं ती. मले नाही होत.

गोजर: नाहीच व्हनार. चला तळ्यावर. भाजलेली असो का कच्ची, पुनव हाये आज. पान्यानं पान्याचं काम कराव, आपलं काम आपन करू. पोरी महिनाभर थांबल्या हायेत माझ्या दारात. त्याइले गाऊ द्या.

(तळ्याचा काठ. उन्हं उतरली आहेत. वस्तीतल्या मुलींचं गाणं नुकतंच संपलं आहे, आणि त्या गोजरबाईच्या मागं घोळक्यानं उभ्या आहेत.)

इंद्रभान: लय आत जाऊ नको. घसरते तेथी.

गोजर: गुडघाभर तं हाये. मास्तर, पाहा, बसली. नीट बसली. पाटी सरळ हाये डोक्यावर.

भालचंद्र: दिसतेय.

गोजर: पानी निवळ हाये अवंदा. समदं दिसते. डोळे, नाक. नथीचं भोक. अहो, पाहा ना. रंग सुटला.

इंद्रभान: कोठी?

गोजर: हे पाहा. पान्यात लाल लाल पसरून राह्यलं. गालावरून सुटलं. म्या म्हनलं व्हतं ना, पानी पान्याचं काम करन. पोरींनो, पाहा वं, भुलाबाई चालली. मास्तर, तुमचं चुकलं. इरघळून राह्यली ती.

भालचंद्र: गोजरबाई.

गोजर: लाल पसरते, दिसत नाही का तुमाले?

भालचंद्र: ते कुंकू आहे. तुम्ही लावलेलं.

गोजर: कुंकू?

भालचंद्र: हो.

गोजर: हाव. कुंकूच हाये. खाली तशीच हाये ती.

इंद्रभान: भाईर ये आता. पाय गारठतील.

गोजर: आली. आली काठावर. पोरींनो, डब्बी कोन आनली? शांते, तू? हालव. हालव ना वं. ओळखा काय हाये. पेढा हाये का करंजी हाये? कोनी बोलत नाही. काऊन बोलत नाही तुमी?

इंद्रभान: त्याइच्या माया बोलावून राह्यल्या त्याइले. सांजवेळ झाली. जा वं पोरींनो, जा घरी. जपून जा.

गोजर: मांगं पाहू नका. तुमची रीत झाली. पाठ फिरवा अन सरळ घरी जा.

भालचंद्र: म्हणजे पुढच्या वर्षी त्या भुलाबाई बसवतील ना?

इंद्रभान: बाया पाहून गेल्या, मास्तर. तळाशी लाल बाई बसली, हे समद्या वस्तीनं पाह्यलं. पान्याले येतील तं रोज दिसन. कोन बसवते आता भुलाबाई.

भालचंद्र: उन्हाळ्यात पाणी आटलं की मी येऊन काढून नेईन. कुणाला कळणार नाही.

इंद्रभान: आटल्यावर तं ती कोरडीच बसन. आरामात. तुमी कायमची केली ना.

भालचंद्र: मी चांगल्या मनानं केलं, इंद्रभान.

इंद्रभान: म्हनून तं तुमाले मारता येत नाही. वाईट मनानं केलं असतं तं या पान्यात बुचकळलं असतं तुमाले. गोजरे, चाल. पोट्ट्या गेल्या, मास्तरची गाडी चुकन.

गोजर: तुमी जा म्होरं.

इंद्रभान: तू?

गोजर: मी थांबतो.

भालचंद्र: गोजरबाई, तुमच्याशी खोटं बोलवत नाही मला. ती आज विरघळणार नाही. उद्याही नाही. कधीच नाही.

गोजर: मालूम हाये मले. तुमी जा मास्तर, रस्ता खराब हाये. आमच्यात अशी रीत हाये का चेहरा जाईस्तोवर मायनं पाठ फिरवू नाही.